घरची सायकल, त्यावर मोटर

• उंच सायकल: सांगाड्यावर दुसरा सांगाडा वेल्ड केलेला. थांबल्यावर पाय जमिनीला पोचत नाहीत. चढणे-उतरणे हीच कसरत.

• रेलून चालवायची (रिकम्बंट): १९३३ मध्ये सायकलपटू फ्रान्सिस फोर यांनी अशा सायकलवर तासात ४५.०५५ किमी कापले. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही रचना शर्यतींतून बाद केली.

• मोटर: हब मोटर चाकातच, बसवायला सोपी. मिड-ड्राइव्ह पेडलपाशी, चढावर गिअर कामी येतात, मात्र चेन लवकर झिजते.

• बॅटरी: ३६ व्होल्ट × १० अँपिअर-तास = ३६० वॅट-तास.

• भारतातील नियम: मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत, बॅटरीविना वजन कमाल ६० किलो, योग्य ब्रेक, रिफ्लेक्टर आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असेल, तर अशी सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही.