रद्दीत जाण्यापूर्वी

सकाळी दारात वर्तमानपत्र पडतं. आधी ते 'ह्यां'च्या हातात जातं, मग मुलगा खेळाचं पान ओढून घेतो. आपल्या वाट्याला येतं ते फळीवर अंथरायला, नाहीतर महिनाअखेर रद्दीवाल्याला द्यायला! मैत्रिणींनो, मीही वर्षानुवर्षं राशिभविष्य नि पाककृती एवढंच पाहून पान उलटत असे. "आपल्याला काय करायचंय त्या कायद्याबियद्याशी?" हे वाक्य माझ्याही तोंडी होतं.

२०२० च्या भाऊबीजेला दादा आला. ओवाळणीत सुरेख साडी घातली आणि जेवणं झाल्यावर पिशवीतून हक्कसोडपत्राचा मसुदा काढला. "गावच्या जमिनीचं आहे गं, नुसती औपचारिकता. पुढच्या आठवड्यात येऊन सही करून जा."

एरवी मी मान डोलावली असती. पण त्याच वर्षी टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या पेपर नीट वाचायची सवय लागली होती, आणि ऑगस्टमधली एक बातमी डोक्यात होती. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क मिळाला. पण वडील त्याआधीच वारले असतील तर? ह्यावर वाद होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मोडता येत नाहीत.

आमचे आबा २००१ मध्ये गेले. वाटणी झालेलीच नव्हती. म्हणजे ती बातमी माझीच होती की!

मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "दादा, आधी वकिलांना दाखवते, मग सांगते." दादाचा चेहरा उतरला. वकिलांनी वाचलेलं खरं ठरवलं, मी सही केली नाही, आणि पुढच्या दोन भाऊबीजा सुन्या गेल्या. तिसऱ्या वर्षी दादा आपणहून आला. ते दोन सण मला फार जड गेले, हे लपवत नाही. पण एक कळलं. हक्क सोडायचाच असेल तर खुशाल सोडावा, पण काय सोडतोय ते माहीत असून सोडावा.

बायकांनी पेपर वाचणं काही आजचं नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली आणि 'पुणे वैभव' पत्रात बायकांच्या वागणुकीवर झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ते वाचून गप्प बसल्या नाहीत. १८८२ मध्ये त्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' छापून निघालं.

वेळ कुठून आणायचा म्हणता? माझी रीत सांगते. दुपारची झाकपाक झाली की वीस मिनिटं. आधी मथळे, मग एकच बातमी पूर्ण. कायदा, रेशन, बँक, शाळाप्रवेश, आरोग्य ह्यांची कात्रणं जुन्या वहीत चिकटवायची, वर तारीख घालायची. अडलेला शब्द मुलांना विचारायचा, त्यात कमीपणा कसला? मोबाइलवर आलेला मजकूर मात्र लगेच पुढे ढकलू नये. तारीख आहे का, कुणी म्हटलंय, दुसऱ्या एखाद्या वर्तमानपत्रात आलंय का, एवढं पाहावं. डाळ निवडताना खडे काढतोच ना आपण!

आणि शेजारच्या आजींना दिसत नसेल, कामाच्या मावशींना वाचता येत नसेल, तर चहा पिता पिता एक बातमी मोठ्यानं वाचा. माझ्याकडच्या मावशींनी ते जमिनीचं कात्रण परवा मागून नेलं. त्यांनाही भाऊ आहेत!