सम की व्यस्त? फसवणारा एक शब्द आणि दोन साध्या चाचण्या

‘एक वाढलं की दुसरं वाढतं, म्हणजे समप्रमाण. एक वाढलं की दुसरं कमी होतं, म्हणजे व्यस्तप्रमाण.’ तुमच्या घरातल्या सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यानं हे पाठ केलं असेल, तर गृहपाठाला बसण्याआधी जरा थांबा. हे वाक्य अर्धवट आहे.

बेंगळुरूजवळचं होसकोटे दम बिर्याणीसाठी प्रसिद्ध आहे, तिथलंच उदाहरण घेऊ. 1 किलो तांदळाची बिर्याणी 10 जणांना पुरत असेल, तर 3 किलोची 30 जणांना पुरेल. माणसांच्या संख्येला किलोंनी भागा: दोन्ही वेळा 10. भागाकार कायम राहिला, म्हणजे समप्रमाण.

पण तांदूळ तिप्पट झाला म्हणून दमाला तिप्पट वेळ लागतो का? नाही. वेळ थोडा वाढेल, पण त्याच पटीत नाही. म्हणून ते समप्रमाण नव्हे.

आता रस्त्यावर या

होसकोट्याहून बेंगळुरू साधारण 25 किलोमीटर धरू. ताशी 50 किलोमीटर वेगानं अर्धा तास लागेल. रहदारीत वेग 25 वर आला, तर एक तास. वेग आणि वेळ यांचा गुणाकार दोन्ही वेळा 25. गुणाकार कायम राहिला, म्हणजे व्यस्तप्रमाण.

त्याच रस्त्यावर 5 किलोमीटर गेलात की 20 उरतात, 10 गेलात की 15. एक वाढतंय, दुसरं कमी होतंय. मग हे व्यस्तप्रमाण? गुणून पाहा: आधी 100, मग 150. गुणाकार बदलला! इथे कायम राहते ती बेरीज. मुलं नेमकी इथेच फसतात.

भास्कराचार्यांचं धान्य

ही गणितं नवी नाहीत. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिक आणि व्यस्त त्रैराशिक असे दोन्ही प्रकार आहेत. त्यातलं एक उदाहरण असं: 7 आढकांच्या मापानं धान्याची रास मोजली, तर 100 मापं भरतात, 5 आढकांच्या मापानं किती भरतील? रास तीच आहे. म्हणून 7 गुणिले 100, म्हणजे 700. त्याला 5 नं भागा: 140. माप लहान झालं, मापांची संख्या वाढली. रास मात्र तेवढीच राहिली.

मुलांना हे तीन प्रश्न विचारा

1. एक दुप्पट केलं, तर दुसरं नेमकं दुप्पट होतं का? मग सम.
2. की नेमकं निम्मं होतं? मग व्यस्त.
3. दोन्ही नाही? मग दोन्हीही नाही. दहा वर्षांच्या मुलाची उंची 140 सेंटिमीटर असली, म्हणून विसाव्या वर्षी ती 280 होत नाही!

आज रात्री स्वयंपाक करताना, पाण्याची टाकी भरताना किंवा बसमध्ये बसल्यावर असं एक उदाहरण मुलांनाच शोधू द्या. उत्तर लगेच सांगू नका. फक्त एवढंच विचारा: ‘यात कायम काय राहिलं?’