लुकणे, विमानाच्या इंधन व्यवस्थेतील

विमानाच्या इंधन टाक्या, नळजोड, झडपा इत्यादींच्या सांध्यांतून होणारी गळती थांबविण्यासाठी वापरण्यात येणारी इंधनरोधी द्रव्ये. कारखान्यांत यांना ‘सीलंट’ म्हणतात. एक किंवा दोन दट्ट्या-एंजिनांच्या लहान विमानांत गळतीमुळे आगीचा धोका असतोच. पण इंधनात विरघळणारे वा फुगून सुटणारे लुकण त्याहूनही घातक ठरते. त्याचे तुकडे टाकीच्या निर्गमद्वारावरील गाळणीत किंवा कार्ब्युरेटरच्या अरुंद मार्गात अडकल्यास उड्डाणात एंजिन बंद पडू शकते. म्हणून लुकण निवडताना ते गळती थांबविते एवढेच पाहून चालत नाही, तर दीर्घकाळ इंधनात राहूनही ते अभंग व चिकटलेले राहील की नाही हे पाहावे लागते.

टाकीचे सांधे : पंखाचा पत्राच जेथे टाकीची भिंत असतो, तेथील रिव्हेट व शिवणींसाठी मुख्यत्वे पॉलिसल्फाइड रबराची लुकणे वापरतात. जोसेफ पॅट्रिक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांना १९२६ मध्ये हे रबर गवसले. त्याला पुढे ‘थायोकॉल’ हे नाव मिळाले. त्याच्या बहुवारिक साखळीत गंधक असल्यामुळे ते पेट्रोलात फारसे फुगत नाही. बऱ्याच वेळा मॅंगॅनीज डाय-ऑक्साइडयुक्त दृढकारक मिसळून ते घट्ट करतात. नेहमीच्या प्रकारांची तापमान मर्यादा सु. −५४° ते १२१° से. असते. ‘ए’ वर्गाचे लुकण कुंचल्याने लावण्याजोगे पातळ, तर ‘बी’ वर्गाचे शिवणीवर भरण्याजोगे घट्ट असते. वर्गापुढील आकडा कामास मिळणारा अवधी तासांत दर्शवितो, उदा., ‘बी-२’ मिसळल्यानंतर सामान्य तापमानास सु. २ तास वापरता येते. तापमान वाढले की हा अवधी कमी होतो.

इतर भाग : निमुळत्या आट्यांच्या नळजोडांवर न सुकणारे किंवा दोन धातूंमध्ये हवेच्या अभावी घट्ट होणारे इंधनरोधी लुकण बाहेरील आट्यांवरच, पहिला आटा सोडून, पातळ लावतात. टेफ्लॉनची फीत टाळतात, कारण तिचे तंतू फाटून इंधनात जातात. ३७° कोनाच्या पसरट तोंडाच्या नळजोडांत धातूवर धातू दाबूनच गळती थांबते. तेथे लुकण लावीत नाहीत. इंधन निवड-झडपेस इंधनात न विरघळणारे खास वंगण लागते. सिलिकोन रबराचे सामान्य लुकण पेट्रोलात फुगून सुटते; म्हणून इंधन व्यवस्थेत ते वर्ज्य मानतात. फ्ल्युओरोसिलिकोन व फ्ल्युओरोकार्बन रबरे इंधनास चांगली टिकतात.

इंधनाचा परिणाम : ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचे प्रमाण वाढले की पुष्कळ रबरे अधिक फुगतात. टाकीच्या आतून ओतून पसरविण्याची काही जुनी लेपद्रव्ये इथेनॉलामुळे सुटतात. भारतात २०२३ पासून २०% इथेनॉलयुक्त मोटार पेट्रोल विकले जाऊ लागले. त्यामुळे मोटारीचे पेट्रोल चालविण्याची परवानगी असलेल्या विमानांतही हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वापर व परीक्षा : लुकण उत्तम असले, तरी पृष्ठभाग अस्वच्छ असल्यास ते चिकटत नाही. विद्रावकाने पुसलेला भाग तो वाळण्यापूर्वीच स्वच्छ फडक्याने कोरडा करतात. अन्यथा तेलकट थर पुन्हा तेथेच बसतो. जुन्या लुकणावर नवे थापण्याऐवजी सैल भाग काढून टाकणे श्रेयस्कर असते. मुदत संपलेले वा चुकीच्या प्रमाणात मिसळलेले द्रव्य वापरीत नाहीत. पूर्ण घट्ट झाल्यावर टाकीत अगदी कमी दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने तपासणी करतात. दाब अधिक झाल्यास टाकीच फुगते. ‘१०० एलएल’ हे विमान पेट्रोल निळे असल्याने पंखाखालील निळा डाग पुढील गळतीची खूण ठरतो. प्रमाणित विमानात मात्र निर्मात्याच्या देखभाल पुस्तिकेत नमूद केलेले किंवा अधिकृत मान्यता असलेले लुकणच वापरावे लागते.