ताप नव्हे, दारू!

"ह्यांना ताप आलाय हो," असा निरोप सोमवारी ऑफिसात धाडताना किती जणींचा जीव कासावीस होत असेल! गुत्त्याची उधारीही आपणच गुपचूप फेडतो. अब्रू झाकायला जातो नि व्यसनच पोसलं जातं.

मैत्रिणींनो, हा आजार आहे. आपल्यामुळे जडत नाही, रडण्याभांडण्यानं सुटत नाही. खोटे निरोप थांबवा. बोलायचं ते शुद्धीवर असताना. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू मात्र घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, डॉक्टर हवेतच.

लोइस विल्सन ह्या एकेकाळच्या मद्यपीच्या पत्नी. अशा घरच्यांसाठी १९५१ साली त्यांनी अमेरिकेत 'अल-अनॉन' उभी केली. तिचे गट आपल्याकडेही भरतात. 'हे' तयार नसले, तरी आपण जाऊन बसावं. घरात कुणीतरी आधी सावरायला हवं ना?