पावसाळ्याची आपत्कालीन शिदोरी: महाड-पोलादपूरच्या घरांसाठी चूल न पेटवता खाता येणारे, टिकाऊ पदार्थ

आगोट जवळ आली की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या घरोघरी बेगमी सुरू होते. तांदूळ, कडवे वाल, कुळीथ, नाचणी, आमसूल, सुकट, मीठ आणि सुकी लाकडे घरात येतात. या साठ्यावर चार महिने निघतात, पण त्यासाठी घर कोरडे हवे आणि चूल पेटायला हवी. पूर येतो किंवा दरड कोसळते त्या दिवशी नेमके हेच दोन्ही हातचे जाते. घरात पोतेभर तांदूळ असूनही माणसे उपाशी राहतात.

म्हणून बेगमीच्या जोडीला घरात एक वेगळी, छोटी शिदोरी असावी. पाठीवर घेऊन डोंगर-पायवाट चालता येईल इतकी ती हलकी असावी आणि तिच्यातला प्रत्येक पदार्थ विस्तवाशिवाय खाता यावा. ती कशी निवडावी, भरावी आणि ताजी ठेवावी, हे या लेखात पाहू.

आपल्या भागातला धोका दोन प्रकारचा

सखल भाग: सावित्री महाबळेश्वरात उगम पावते आणि बाणकोटच्या खाडीला मिळते. वर घाटमाथ्यावर अतिवृष्टी आणि त्याच वेळी खाली भरती असेल, तर महाड परिसरातले पाणी लवकर ओसरत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड शहरात पाणी घराघरांत शिरले, वीज गेली, रस्ते बंद झाले. अशा वेळी कुटुंब वरच्या मजल्यावर अडकून पडते.

डोंगरी वाड्या: २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. रस्ते पाण्याखाली असल्याने बचाव पथकांना तिथे पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. इथे घर सोडून जावे लागते, शिवाय आंबेनळी किंवा वरंध घाट बंद झाला की बाहेरून मदत यायला वेळ लागतो.

दोन्ही ठिकाणी पहिले तीन दिवस आपले आपणच काढायचे आहेत, असे धरून तयारी करावी.

पदार्थ निवडताना चार कसोट्या

१. चूल, गॅस, वीज यांपैकी काहीही न लागता खाता यावा.
२. वजन कमी आणि ताकद जास्त असावी. त्यासाठी पदार्थात पाण्याचा अंश कमी हवा. ओल्या पदार्थाचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते आणि तो लवकर आंबतो.
३. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बंद डब्यात किमान सहा आठवडे टिकावा.
४. घरात एरवीही खाल्ला जाणारा असावा. जे मुले रोज खात नाहीत ते संकटातही खात नाहीत, आणि जे घरात खपत नाही ते पिशवीत पडून खराब होते.

एका मोठ्या माणसाची तीन दिवसांची शिदोरी

- जाडे पोहे: ५०० ग्रॅम
- फुटाणे: ३०० ग्रॅम
- भाजलेले शेंगदाणे: ३०० ग्रॅम
- गूळ: ३०० ग्रॅम
- सातूचे पीठ किंवा नाचणीच्या लाह्यांचे पीठ: २०० ग्रॅम

एकूण वजन १ किलो ६०० ग्रॅम भरते. यातून दिवसाला साधारण २,००० किलोकॅलरी ऊर्जा आणि ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. चार मोठ्या माणसांच्या कुटुंबाचे वजन साडेसहा किलोच्या आत बसते. जोडीला थोडे मीठ, साखर, आमसूल आणि मुलांसाठी बिस्किटांचे दोन-तीन पुडे ठेवावेत. तोंडाची चव गेलेली असते तेव्हा आमसुलाचा तुकडा आणि मीठ फार कामाला येतात.

कोणता पदार्थ कसा तयार करावा

पोहे: पातळ पोह्यांपेक्षा जाडे घ्यावेत. ते कमी जागेत मावतात आणि चुरा कमी होतो. भरण्यापूर्वी कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतून पूर्ण गार करावेत. खाताना शुद्ध केलेल्या थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून गूळ किंवा मीठ-आमसूल घालावे.

फुटाणे: सालासकट घ्यावेत. सालामुळे दाणा जास्त दिवस टिकतो. मऊ पडलेले असल्यास भरण्यापूर्वी पुन्हा गरम करावेत.

शेंगदाणे: या यादीत सर्वाधिक ताकद यांच्यात आहे, आणि सर्वात लवकर बिघडतातही हेच. तेलाचा अंश जास्त असल्याने हवा लागली की खवट होतात. ओल लागली तर बुरशी येते आणि त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. ते भाजूनही पूर्ण जात नाही. म्हणून काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे आधीच निवडून काढावेत.

गूळ: कडक ढेपेचा घ्यावा आणि सुपारीएवढे खडे करून घट्ट बांधावा. पावसाळ्यात गूळ हवेतले पाणी ओढतो आणि शेजारच्या पदार्थालाही ओल देतो. पोहे व फुटाण्यांच्या डब्यात तो कधीच मिसळू नये. शेंगदाण्याची चिक्की करून तुकडे वेगवेगळे गुंडाळले तरी चालते.

नाचणीच्या लाह्यांचे पीठ: नाचणी अख्खी असेपर्यंत वर्षानुवर्षे टिकते, पण साध्या पिठाला शिजवावे लागते. त्यासाठी आधी लाह्या कराव्यात. निवडलेल्या नाचणीवर पाण्याचा हबका मारून ती रात्रभर फडक्यात बांधून ठेवावी. सकाळी तापलेल्या लोखंडी कढईत मूठ-मूठ टाकून फोडावी, गार झाल्यावर दळावी. हे पीठ पाण्यात कालवून गुळासोबत तसेच खाता येते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असल्याने मुले, बाळंतीण आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ते विशेष चांगले.

शिदोरीत काय नको

तांदूळ, डाळ, कुळथाचे पीठ आणि कडवे वाल शिजवावे लागतात. त्यांची जागा पोटमाळ्यावर, पिशवीत नाही. पापड-कुरडयांना तळण लागते. सुकट आणि जवळा भाजावे लागतात, ओल धरतात आणि खारेपणामुळे तहान वाढवतात. पिण्याचे पाणी मोजके असताना हे टाळावे. आंबापोळी, फणसपोळी चालेल, पण ती स्वतंत्र गुंडाळावी, कारण तीही दमट होते. भाकरी, चपाती, ओल्या खोबऱ्याचे पदार्थ यांवर साठा म्हणून विसंबू नये.

भरण्याची पद्धत

- शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या किंवा फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक बरण्या वापराव्यात. धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मगच भराव्यात. पाण्यात पडल्या तरी त्या तरंगतात.
- भाजलेला पदार्थ गरम असताना कधीही बंद करू नये. आत वाफ धरते आणि बुरशी येते.
- बाटली ठोकून काठोकाठ भरावी म्हणजे आत हवा कमी राहते. झाकणावर चिकटपट्टी गुंडाळावी.
- मोठा एकच डबा करण्यापेक्षा लहान बाटल्या कराव्यात. एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.
- बाटलीवर पदार्थ आणि भरल्याची तारीख लिहावी.
- सर्व बाटल्या पाठीवर अडकवता येणाऱ्या पिशवीत ठेवाव्यात. चिखलाच्या वाटेवर दोन्ही हात मोकळे हवेत. घरात म्हातारी माणसे असतील तर वजन दोन-तीन पिशव्यांत विभागावे.

पाण्याचा हिशेब

एका माणसाला पिण्यासाठी दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी लागते. चार माणसांचे तीन दिवसांचे पाणी २४ ते ३६ किलो होते. ते पाठीवर नेता येत नाही. म्हणून पिशवीत प्रत्येकी एक लिटरची भरलेली बाटली, क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण आणि स्वच्छ सुती फडके ठेवावे. फडक्यातून गाळलेल्या पाण्यात पाकिटावरील प्रमाणात क्लोरीन घालून अर्धा तास थांबावे. क्लोरीनने जंतू मरतात, पण तेल, रसायने आणि शेतातली औषधे जात नाहीत. त्यामुळे पुराचे पाणी न घेता स्वच्छ ताडपत्रीवर धरलेले पावसाचे पाणी घ्यावे. सखल भागात राहणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर झाकणाचे पाणी भरलेले कॅन ठेवावेत.

जुलाब झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा.

मुले, म्हातारी माणसे, आजारी माणसे

सहा महिन्यांखालील बाळाला आईचे दूधच द्यावे, म्हणजे शिदोरीत आईचा वाटा थोडा जास्त धरावा. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट करून ठेवावे. दात नसलेल्यांना भिजवलेले पोहे आणि सातू सोपे जातात. मधुमेही माणसासाठी गूळ कमी करून फुटाणे वाढवावेत, मात्र साखर एकदम उतरली तर लागेल म्हणून थोडी साखर सोबत असावीच. रोजच्या गोळ्यांचा आठवड्याचा साठा याच पिशवीत ठेवावा.

कधी भरावी, कधी बदलावी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कडक उन्हात वाळवण करून शिदोरी भरावी. त्यानंतर दर सहा ते आठ आठवड्यांनी ती खाऊन संपवावी आणि नवी भरावी. सणांशी सांगड घातली की विसर पडत नाही. आषाढी एकादशीच्या उपवासाला शेंगदाणे व गूळ लागतात. तेव्हा पिशवीतले वापरून ताजे भरावेत. पोहे, लाह्या गोपाळकाल्याला काढाव्यात. दसऱ्याला उरलेले सर्व संपवावे.

पिशवी कुठे ठेवावी

सखल गावात पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर, आणि डोंगरी वाडीत दाराजवळ उंच खुंटीला. वाडीने सुरक्षित ठरवलेल्या शाळेत किंवा समाजमंदिरात काही बाटल्या आधीच नेऊन ठेवल्या तर उत्तम. जमिनीला भेगा पडल्या, झाडे-खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ताबडतोब बाहेर पडावे. घराबाहेर पडल्यावर पिशवी राहिली असे लक्षात आले, तरी तिच्यासाठी मागे फिरू नये.

पूर ओसरल्यावर

पुराच्या पाण्यात भिजलेले तांदूळ, पीठ, डाळ, शेंगदाणे वाळवून खाऊ नयेत. मैला आणि बुरशी धुऊन जात नाही. बुरशी आलेले धान्य जनावरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये. घट्ट बंद राहिलेल्या बाटल्या बाहेरून साबणाने व क्लोरीनच्या पाण्याने धुऊन मगच उघडाव्यात.

कृषी सहायक आणि बचत गटांसाठी

खरीपपूर्व बैठकीत बियाणे उगवण चाचणीसोबत एक भरलेली शिदोरी प्रत्यक्ष वजन करून दाखवावी. पाहिल्यावर लोक करतात. लाह्यांचे पीठ, फुटाणे आणि चिक्कीचे तीन दिवसांचे संच गावातल्या बचत गटाला करता येतात आणि वरकस जमिनीवरच्या नाचणीला गावातच गिऱ्हाईक मिळते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी आधी करावी आणि पहिले संच त्यांच्या घरी पोहोचवावेत.