रोमन नागरिकाचे घर

प्राचीन रोमचे नाव निघाले की संगमरवरी मंदिरे आणि विजयकमानी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. पण सामान्य रोमन माणूस दिवसाअखेर जेथे पाठ टेकीत असे, ती जागा अगदी निराळी होती.

श्रीमंतांच्या घरास ‘डोमुस’ म्हणत. दर्शनी दालनाच्या छपरात मध्यभागी चौकोनी मोकळी जागा असे. तीतून पडणारे पावसाचे पाणी खालच्या हौदात साठे. सभोवार खोल्या, मागे खांबांच्या ओवरीने वेढलेली बाग. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात अशी घरे भित्तिचित्रांसह पाहावयास मिळतात.

राजधानीत मात्र हे भाग्य थोड्यांचेच. चौथ्या शतकातील नगरनोंदीत डोमुस सुमारे १,८००, तर ‘इन्सुला’ ४६,००० हून अधिक आहेत. प्रत्येक इन्सुला स्वतंत्र इमारतच होती काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि बहुसंख्य लोक बहुमजली इमारतींत भाड्याने राहत, हे निश्चित. तळमजल्यावर दुकाने; जसजसे वर चढावे तसतशा खोल्या लहान व भाडे कमी. जलसेतूंनी आणलेले पाणी रस्त्यावरील कारंज्यांतून भरून जिन्याने वर न्यावे लागे. अनेक बिऱ्हाडांना स्वयंपाकघर नसे. म्हणून शिजविलेले अन्न दुकानातून आणावयाचे आणि स्नान सार्वजनिक स्नानगृहात उरकावयाचे.

उबेसाठी शेगडी आणि उजेडासाठी तेलाचा दिवा यांमुळे लाकडी माड्यांना आगीचे भय सदैव असे. त्यात घरमालकांचा लोभ. इ. स. पू. ४४ मध्ये खुद्द सिसेरोने मित्रास कळविले की, आपली दोन दुकाने कोसळली असून उरलेल्यांतून भाडेकरूच नव्हे, तर उंदीरही निघून गेले आहेत!

सम्राट ऑगस्टसने नव्या इमारतींची उंची ७० रोमन फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २१ मीटरपर्यंत मर्यादित केली. इ. स. ६ मध्ये त्याने रात्रीचे अग्निरक्षक दलही उभारले. इ. स. ६४ च्या भीषण अग्निप्रलयानंतर नीरोने सामाईक भिंतींस मनाई केली व ठराविक भाग दगडी बांधण्याची सक्ती केली. पुढे ट्रेजनने मर्यादा ६० फुटांवर आणली. तरीही दुसऱ्या शतकाच्या आरंभी कवी जुव्हेनल टेकू दिलेल्या घरांची थट्टा करीतच होता. कायदा झाला, पण वरच्या मजल्यावरील गरिबाची धास्ती काही संपली नाही.