वऱ्हाडातून पहिली मॅरेथॉन

मॅरेथॉन ही ४२.१९५ किलोमीटरची शर्यत. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर प्रथम धावले गेले आणि १९२१मध्ये ते प्रमाण ठरले. मूर्तिजापूरहून रेल्वेने अकोला असो की बडनेरा, अंतर साधारण ४० किलोमीटर. म्हणजे यांपैकी एक गाव पायी, न थांबता गाठायचे आणि वर आणखी थोडे धावायचे.

भारतीयांनी धावलेली पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन १९२०ची, अँटवर्पची. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून दोराबजी टाटांनी संघ पाठवण्यासाठी पुढाकार घेतला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉनला उतरले. तिथला मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्यापेक्षाही लांब होता. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९वे आले; दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. निवडलेल्या धावपटूचीही या अंतरात अशी परीक्षा होते.

याचे मुख्य कारण शरीरातल्या साठ्यात आहे. स्नायू आणि यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साधारण २००० कॅलरी साठवतात. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे १ कॅलरी खर्च होते. ६० किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी २५०० लागतात. चरबीही जळत असते, पण वेग जास्त असला की ग्लायकोजेनच आधी संपते आणि ३० किलोमीटरच्या सुमारास पाय जड होऊन चालणेही कठीण जाते. म्हणून सुरुवातीला हात राखून धावणे हीच पहिल्या मॅरेथॉनची खरी कला आहे. पहिले १० किलोमीटर फार हळू धावल्यासारखे वाटले, तर वेग बहुधा बरोबर असतो.

तयारीला १६ ते २० आठवडे लागतात, तेही आधीपासून आठ-दहा किलोमीटर सहज धावणाऱ्याला. आठवड्यातून तीन-चार दिवस बोलता येईल इतक्या संथ गतीने धावायचे आणि एक दिवस लांब पल्ला. हा पल्ला हळूहळू वाढवत ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्यायचा, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत धावणे कमी करायचे. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य.

वऱ्हाडात वेळापत्रक उन्हाला विचारूनच बसवावे लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण बुटाला चिकटते. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन, जी २००४पासून होते, या दृष्टीने सोयीची: तयारी सप्टेंबरमध्ये सुरू होते, ऑक्टोबरचे ऊन पहाटे टाळता येते आणि सर्वांत लांब पल्ले थंडीत येतात. महामार्गाच्या कडेने अंधारात धावणे मात्र टाळावे. कमी वाहतुकीचा गावरस्ता बरा.

मुंबईत दोन गोष्टी वेगळ्या असतात. हवा दमट असल्याने घाम लवकर सुकत नाही, शरीर तापते आणि कोरड्या हवेत जमलेला वेग तिथे टिकत नाही. दुसरा पेडर रोडचा चढ, जो परतीच्या वाटेवर पाय थकलेले असताना येतो. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात धावणाऱ्याने जवळच्या एखाद्या उड्डाणपुलावर चढाचा सराव करायलाच हवा.

आदल्या रात्री वरण-भातासारखे ओळखीचे, कमी तिखट जेवण पुरते. शर्यतीत केळे, गूळ किंवा जेल यांपैकी जे सरावात पचले आहे तेच घ्यावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तासन्‌तास गरजेपेक्षा जास्त प्यायल्यास रक्तातले सोडियम घसरते आणि ते जिवावरही बेतू शकते. नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत. चक्कर, छातीत दुखणे किंवा गोंधळल्यासारखे झाल्यास तिथेच थांबून वैद्यकीय पथकाकडे जावे.

शर्यतीनंतर एकदम बसू नये, थोडे चालावे, मग पाणी आणि जेवण घ्यावे. जिना उतरताना मांड्या तीन-चार दिवस दुखतात. पुन्हा जोरात धावायला दोन-तीन आठवडे थांबणे उत्तम.